गड्ढा बँड पार्टी

आमच्या घरी सकाळ आप्पांच्या आवाजानं होई. त्या आवाजात माझाही आवाज मिसळलेला असे, त्यामुळे मी झोपेतून उठल्याचं मला कधी आठवतच नाही. आठवतं ते एकदम पाटावर बसलेलो असणं, पाठ ताठ, शेंडी ओली, समोर आप्पा आणि खालून बनारसच्या रामघाटावरच्या नावाड्यांचं भांडण. आप्पा म्हणजे माझे वडील. घनपाठी होते. तीन खोल्यांच्या आमच्या घरातल्या मोठ्या खोलीत त्यांची पाठशाळा चाले, पाच-सहा विद्यार्थी असत, आणि त्यांच्यातच मी एक होतो. फरक इतकाच की बाकीच्यांना चुकल्यावर समज मिळे, मला चापट. घन म्हणजे वेदातली पदं पुढे-मागे विणत म्हणायची रीत. पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं-तिसरं, तिसरं-दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं-तिसरं. मग एक पद पुढे सरकायचं आणि तेच परत. शेकडो वर्षांत एक अक्षर इकडचं तिकडे होऊ नये म्हणून कुणीतरी हा उपाय काढला. माझ्यावर त्याचा परिणाम असा झाला की आईनं दुकानातून सामान आणायला सांगितलं की मी गल्लीभर साबण-चहा, चहा-साबण, साबण-चहा-गूळ, गूळ-चहा-साबण असं घोकत जाई आणि नेमका गूळ विसरून घरी येई.

सभेत घन म्हणायला आमच्याकडे जोडी लागत असे. एकानं उचलायचं, दुसऱ्यानं झेलायचं, आणि श्वास अशा जागी घ्यायचा की ऐकणाऱ्याला दोन माणसं आहेत हे कळूच नये. आप्पांची जोडी त्यांच्या थोरल्या भावाशी होती. काका गेले तेव्हा आप्पा वर्षभर कुठल्याच सभेला गेले नाहीत. बोलावणी येत, ते नम्रपणे नाही म्हणत आणि घाटावर जाऊन बसत. मग एका सकाळी त्यांनी काकांचा पाट काढला, पुसला, आपल्या पाटाशेजारी मांडला आणि मला म्हणाले, "बैस." मी एकोणीस-वीस वर्षांचा असेन. त्या दिवसापासून आप्पा पुन्हा सभेला जाऊ लागले. मी नसेन तर ते जाणार नव्हते, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण घरात आम्हा तिघांना ते पक्कं माहीत होतं.

त्या पाटाबरोबर नियमही आले. बाहेरचं खायचं नाही, हा नियम मी रोज मोडत असे, कारण ज्या गल्लीत सकाळी कचोरी तळली जाते तिथे वीस वर्षांच्या मुलानं तो पाळणं हे वेदांनाही अपेक्षित नसावं. पण उष्ट्याच्या बाबतीत मात्र मीसुद्धा कच्चा नव्हतो. आमच्याकडे पाणी वरून प्यायचं, फुलपात्राला ओठ लावायचा नाही. आईच्या हातची कढी चाखून बघायची तर ती तळहातावर घ्यायची आणि हात धुवायचा. एखाद्याच्या तोंडाला लागलेली वस्तू दुसऱ्यानं तोंडाला लावली आणि तो तसाच सभेत बसला, तर त्या दिवशीचं म्हटलेलं सगळं बाटलं, असं आप्पा मानत. इतरही मानत, पण आप्पा ते मनापासून मानत, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटे. आज माझी नात माझ्याच कपातला चहा पिते आणि उरलेला मला परत देते. मीही तो पितो. पण हात अजून क्षणभर थांबतो.

माझा कॉलेजातला मित्र पिंटू. बंगाली टोला नावाच्या मोहल्ल्यात त्याच्या वडिलांनी घराच्या वरच्या चार खोल्या परदेशी पाहुण्यांना भाड्यानं द्यायला काढल्या होत्या. एकदा एक लांब केसांचा पाहुणा गेला आणि उशीखाली एक कॅसेट विसरला. तिच्यावर नाव नव्हतं, निळ्या शाईची एक गिचमिड होती. पिंटूनं मला हात धरून वर नेलं, टेपरेकॉर्डर लावला आणि म्हणाला, "सुन, और हँसना मत." मी हसलो नाही. मला काही कळलंच नाही. गिटार ठेका सोडून दोन ठेक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत वाजत होती, ढोल पळत सुटले होते, आणि गाणारा रागावलेला आहे की खूश आहे ते समजत नव्हतं. मग एकदम तीन-चार पितळी बाजे आत घुसले. आपल्या लग्नाच्या वरातीतले असतात ना, तेच. मी उठून उभा राहिलो. माझ्या मुलीनं परवा फोनवर शोधून सांगितलं की बाबा, याला स्का-पंक म्हणतात. असेल. आम्हाला नाव माहीत नव्हतं म्हणून काही अडलं नाही. पिंटूकडे त्याच्या मामाची गिटार होती आणि तीन सूर येत होते. तो म्हणाला, आपण हे करू. मी विचारलं, "बाजे कुठून आणणार?"

बाजे होते इम्तियाजकडे. चौकामागच्या गल्लीत त्याच्या चाचांचा लग्नाचा बँड होता आणि इम्तियाज आमच्या वर्गात होता, म्हणजे पटावर होता. लग्नसराईत तो वर्गात दिसत नसे. पण आषाढात देव झोपले की चार महिने लग्नं बंद, आणि चाचांचे सगळे बाजे दुकानाच्या मागच्या खोलीत लाल कोटांच्या ढिगाखाली पडून असत. आमचा बँड त्या चातुर्मासात जन्माला आला. देव जागे असते तर तो झालाच नसता. इम्तियाज पोटाशी धरून वाजवायचा मोठा बाजा घेई आणि त्यातून असा खोल आवाज काढी की आम्हाला दुसऱ्या गिटारीची गरजच पडली नाही. राहिला ट्रंपेट. चाचांचा जुना ट्रंपेट खुंटीला टांगलेला होता. इम्तियाजनं तो माझ्या हातात दिला. मी तो उलटसुलट करून पाहिला. चाचांनी तो वीस वर्षं वाजवला होता, अजूनही मधूनमधून वाजवत. मी खिशातून रुमाल काढला, तोंडाकडचा भाग पुसला, परत पुसला. इम्तियाज बघत होता. त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे मला कळलं. मला माझीच लाज वाटली. मी ट्रंपेट तोंडाला लावला.

पहिल्या दिवशी फक्त फुसफुस निघाली. तिसऱ्या दिवशी सूर निघाला आणि तो मी धरून ठेवला, कारण श्वास धरून ठेवणं हेच तर मी आठव्या वर्षापासून शिकत होतो. चाचा बाहेरून आत आले, माझ्याकडे बघत राहिले, सूर संपल्यावर इम्तियाजला म्हणाले, "ई लड़का साँस रखता कहाँ है?" एवढी शाबासकी मला आप्पांकडून कधी मिळाली नव्हती. मात्र घरी गेलो तेव्हा वरचा ओठ सुजून आला होता. आई म्हणाली, "हे काय रे, मच्छर चावला काय? इतका सुजलाय! थांब, हळद लावते." मी मच्छरावर ढकललं. पुढे कितीतरी दिवस ती मला रोज हळद लावी आणि रामघाटावरच्या मच्छरांना शिव्या देई, आणि मी मान खाली घालून ऐकून घेई.

ढोलासाठी पिंटूनं गुड्डूला आणलं. गुड्डू दूधवाल्यांच्या घरातला, अंगानं पहिलवान. होळीत ढोलक वाजवायला लागला की गल्ली नाचायला लागे. त्याला कॅसेट ऐकवली तेव्हा तो वैतागला. तालावर गिटार का मारत नाही, हेच त्याला समजेना. पहिल्या सरावात त्यानं काठी खाली टाकली आणि पिंटूवर ओरडला, "अरे ताल पे बजावा गुरु! गड्ढा में काहे बजावत हउवा?" पिंटूनं समजावलं की त्या खड्ड्यातच सगळी मजा आहे. गुड्डूला ते पटायला महिना लागला. पटलं तेव्हा इतकं पटलं की मग तो आम्हालाच दटावू लागला, "गड्ढा छूट गया, फिर से." चाचांच्या दुकानावर पाटी होती तशी आमचीही पाटी हवी म्हणून इम्तियाजनं एका जुन्या ढोलाच्या कातड्यावर लाल रंगानं लिहिलं, 'गड्ढा बँड पार्टी'. आमच्या त्या वेळच्या गल्ल्या बघता कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही.

आमचा पहिला कार्यक्रम पिंटूच्या मोहल्ल्यातल्या दुर्गापूजेत झाला. दोन गाणी झाल्यावर पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं की बाबांनो, सुरू कधी करणार? त्यांना वाटलं होतं आम्ही अजून वाद्यं लावतोय. दुसरा एका होस्टेलच्या अंगणात. तिथली मुलं इतकी नाचली की व्हरांड्यातला एक खांब हलला आणि वॉर्डननं आम्हाला फाटकाबाहेर काढलं. आम्ही चौघं रस्त्यावर उभे राहून हसत होतो. इतका आनंद मला त्यापूर्वी झाला नव्हता, आणि तरी सगळ्यांत आधी घराकडे मीच निघालो, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे मला आप्पांच्या शेजारी त्या पाटावर बसायचं होतं. रोज बसत होतो. पहाटे गंगेत बुडी मारायची, आप्पांबरोबर घन म्हणायचा, दुपारी ते झोपले की चौकामागच्या खोलीत चाचांचं उष्टं तोंडाला लावायचं. कळलं तर आप्पा मला उठवतील, काकांचा पाट परत भिंतीला लागेल आणि आप्पांचं सभेला जाणं संपेल. हे मला पुरतं माहीत होतं आणि तरी मी जात होतो. त्याचं समर्थन मी आजही करत नाही.

चैत्र आला. फाल्गुन-चैत्रात खरमासाचा एक महिना बनारसात लग्नं होत नाहीत, म्हणजे बाजे पुन्हा मोकळे. पिंटूच्या वडिलांनी पाहुण्यांसाठी संध्याकाळी एक मोठी बोट ठरवली आणि पिंटूनं आम्हाला तिच्यावर चढवलं. मी एकच अट घातली: बोट अहिल्याबाई घाटावरून वर अस्सीकडे न्यायची आणि तिथूनच परतायचं, अहिल्याबाई घाटाच्या खाली एक हातही जायचं नाही. प्रवाहाच्या दिशेनं खाली आमचा रामघाट होता. मुख्य नावाडी लछमननं मान डोलावली. जाताना सगळं ठरल्याप्रमाणे झालं. अस्सीवरून वळलो, गाणी रंगली, पाहुणे नाचू लागले, आणि मी नेहमीसारखे डोळे मिटून वाजवत राहिलो. नावाडीही माणसंच. त्यांनी वल्ही आत घेतली आणि तेही नाचू लागले. बोट प्रवाहाला लागली. मी डोळे उघडले ते धुराच्या वासानं. समोर मणिकर्णिका होती. गुड्डूनं काही न सांगता काठ्या खाली ठेवल्या, आम्ही सगळेच गप्प झालो, आणि चिता मागे पडेपर्यंत बोटीवर कुणी बोललं नाही.

मी लछमनला म्हटलं, मागे फिरव. तो म्हणाला, प्रवाहाविरुद्ध आता वेळ लागेल, पुढच्या घाटांना वळसा घालून पलीकडच्या काठानं नेतो, घाबरू नका. तेवढ्यात पाहुणे आणखी एक गाणं मागायला लागले. मी पिंटूला सांगितलं, माझ्याशिवाय वाजवा. तो म्हणाला, "तेरे बिना तो खाली गड्ढा ही बचेगा." मग मी छपराच्या खांबामागे खाली बसलो. सूर्य बुडाला होता. काठावरून फार तर बोटीचा आकार दिसेल, चेहरा दिसणार नाही, असं मी स्वतःला बजावलं आणि ट्रंपेट उचलला. गाणं निम्म्यावर आलं असेल, तोच पिंटूच्या गिटारीची तार तुटली. तो थांबला आणि त्याच्या तोंडचे शब्दही थांबले. आता गाण्याचा भार एकट्या माझ्यावर आला आणि पुढे काय वाजवायचं ते मला माहीत नव्हतं. तोंडात तीन सूर होते. पहिला-दुसरा. दुसरा-पहिला. पहिला-दुसरा-तिसरा. तिसरा-दुसरा-पहिला. पहिला-दुसरा-तिसरा. मी ठरवून केलं नाही. आठव्या वर्षापासून ज्या वाटेनं माझा श्वास जात होता, त्याच वाटेनं तो गेला. एक सूर पुढे सरकलो आणि पुन्हा तेच. इम्तियाजनं चार फेऱ्यांत क्रम पकडला आणि खालून झेलायला लागला. गुड्डूनं बरोबर खड्ड्यात काठी मारली. इतकं चांगलं आम्ही कधीच वाजवलं नव्हतं. मी खांबामागून उठून उभा राहिलो हेसुद्धा मला कळलं नाही. वर पाहिलं तर नावाड्यांनी वल्ही पुन्हा आत घेतली होती, समोर रामघाटाच्या पायऱ्या होत्या, विद्यार्थी संध्या आटोपून ओळीनं उभे होते, आणि त्यांच्यापुढे आप्पा पाण्याच्या अगदी कडेला येऊन उभे होते. चेहरा मला दिसत नव्हता. पण त्यांनी मान किंचित तिरकी केली होती. कोणी घन म्हणत असताना ती तशी होत असे.

घरी गेलो तर आप्पा आले नव्हते. आई म्हणाली, "अरे, ते घाटावरून उठलेच नाहीत अजून. मुलांना भेजून दिलं आणि एकटेच बसलेत. काय झालं?" मी खाली गेलो. त्यांच्यापासून दोन पायऱ्या वर थांबलो.

"बोटीवर कोण होतं?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"मी होतो, आप्पा."

"ते कळलं. असा क्रम दुसरं कोण वाजवणार? ते वाद्य तुझं आहे?"

"नाही. माझ्या मित्राच्या चाचांचं आहे. इम्तियाजच्या."

"तेही वाजवतात?"

"कधीकधी."

"म्हणजे उष्टं."

"हो."

"किती दिवस?"

"चातुर्मासापासून."

आता ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आणि तू रोज माझ्याशेजारी येऊन बसत होतास." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, आप्पा, हे कुणालाही माहीत नाही. ते म्हणाले, "मला आहे." दुसऱ्या दिवशी दुर्गाघाटावर एका यजमानांकडे वसंतपूजा होती. चैत्रात वैदिकांना घरी बोलावून वेद म्हणवून घेतात आणि पन्हं, आंब्याची डाळ देतात, तीच. आम्हा दोघांना घनाला बोलावलं होतं. आप्पा उठले, उपरणं झटकलं आणि म्हणाले, "उद्या मी सभेला सांगणार. तू बसायचं की नाही ते सभा ठरवील." मी विचारलं, "आणि नाही म्हणाले तर?" ते पायऱ्या चढू लागले. घरी आईनं पान वाढलं आणि मी तसाच बसून राहिलो, तेव्हा ती म्हणाली, "जेव आधी. उद्याचं उद्या. भात थंडा होतोय."

यजमानांच्या दिवाणखान्यात पंधरा-वीस वैदिक समोरासमोर दोन ओळींत बसले होते. गंध लावून झालं, अत्तर झालं. आप्पा उभे राहिले आणि माझ्याकडे बोट न दाखवता म्हणाले, "माझा जोडीदार काही महिने उष्टी तुतारी वाजवतो आहे. मला काल कळलं. तो आज बसावा की नाही, सभेनं सांगावं." त्यांनी तुतारी हा शब्द वापरला, आणि त्या अवस्थेतही मला तो फार आवडला. कुजबुज झाली. गजाननशास्त्री आमच्यात सगळ्यांत कडक. त्यांनी विचारलं, कुणाची तुतारी? आप्पांनी खरं ते सांगितलं. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. "बँडवाल्याचं, आणि त्यातून त्या लोकांचं. प्रायश्चित्त घ्यावं आणि वर्षभर सभेत येऊ नये. शिवाय मी ऐकलं की यानं घन वाजवला. घन! बाजावर!"

मी आप्पांकडे पाहिलं. रात्रभर मी त्यांच्यावर मनातून चिडलो होतो. लपून गेलेली गोष्ट स्वतः चव्हाट्यावर मांडणारा हा कसला बाप, असंही मनात आलं होतं. आप्पा अजून उभेच होते. ते म्हणाले, "मंत्र नव्हता. शब्दच नव्हते. नुसता क्रम होता." मग गजाननशास्त्र्यांकडे वळून म्हणाले, "मी पाण्यापर्यंत जाऊन ऐकला. क्रम चुकला नाही."

सभेत सर्वांत वडील दामूअण्णा होते. नव्वदीचे, डोळ्यांनी दिसत नव्हतं, भिंतीला टेकून बसत. त्यांनी गजाननशास्त्र्यांच्या दिशेनं तोंड वळवलं. "गजा, तुझ्या देवळात शंख कोण वाजवतं रे?"

"पुजारी वाजवतो."

"तो बीमार पडला तर?"

"त्याचा मुलगा."

"आणि एकादशीला?"

"एकादशीला... मी वाजवतो."

"मग मधे शंख काय करता?"

"धुतो."

"हां. कशानं?"

"पाण्यानं."

"नुसत्या पाण्यानं!" दामूअण्णा हसले आणि त्यांना ठसका लागला. कुणीतरी पाठ चोळली. "आणि तुझ्या मुलीच्या लग्नात वरातीपुढे बाजा कुणाचा होता? त्याच लोकांचा ना? तेव्हा चांगला वाजला म्हणालास." मग त्यांनी मला हाक मारली. मी पुढे गेलो. त्यांनी चाचपून माझा हात धरला. "पितळेला चिंच आणि राख लाव, स्वच्छ धू, मग वाजव. बसायच्या आधी स्नान. इतकं बस झालं. आजचं स्नान झालं असलं तरी आत्ता पळ, खाली दुर्गाघाट आहे, बुडी मारून ये. आम्ही थांबतो. पण जल्दी ये, पन्हं गरम होईल." कुणी हरकत घेतली नाही. गजाननशास्त्रीही घेईनात. पुढे हे सगळं इम्तियाजला सांगितलं तेव्हा तो आधी गप्प झाला आणि मग पोट धरून हसला. "अरे, चचा बीस साल से इमली से ही तो चमकाते हैं!"

मी धावत गेलो, धोतरासकट बुडी मारली, धावत आलो. पायऱ्या चढताना मला रडू फुटलं आणि अंग ओलंच असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही. इतकं हलकं मला नंतर नोकरी लागली तेव्हाही वाटलं नाही, लग्न ठरलं तेव्हाही नाही. दिवाणखान्यात आल्यावर आप्पांनी त्यांच्या शेजारची जागा उपरण्यानं पुसली. मी बसलो. त्यांनी उचललं, मी झेललं. त्या दिवशी आम्ही कसं म्हटलं ते मला सांगता येणार नाही, कारण मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. पन्हं मात्र खरंच गरम झालं होतं.

परत निघालो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं आणि माझं धोतर अंगावरच वाळलं होतं. गल्लीत आम्ही नेहमीसारखे चालत होतो, आप्पा पुढे, मी मागे. घराच्या पायऱ्यांशी आल्यावर ते म्हणाले, "परत कधी आहे ते तुमचं?"

"रविवारी संध्याकाळी."

"बोटीवर?"

"नाही. अस्सीला. पिंटूच्या ओळखीच्या एकांची गच्ची आहे."

आप्पा दोन पायऱ्या चढले आणि थांबले.

"अस्सीवरून इथवर काही ऐकू यायचं नाही," ते म्हणाले, आणि वर गेले.

मी घरात शिरलोच नाही. तसाच, त्याच धोतरात, बंगाली टोल्यापर्यंत पळत गेलो आणि पिंटूला खालूनच हाक मारून सांगितलं की गच्ची रद्द कर, लछमनला गाठ, रविवारी बोट पाहिजे.